चाळीस मिनिटांचं पाणी

सकाळचं ऊन गोरखगडाच्या सुळक्यामागून सुटलं, की धसईच्या खाचरांवरून चालत यायला त्याला बराच वेळ लागे. कापणी झालेल्या भाताच्या पेंढ्यांवर ते आधी रेंगाळे, मग वाटेवरच्या करंजाच्या पानांत शिरे, आणि तिथून, रत्नदीपने नुकतीच भिंत फोडून बसवून घेतलेल्या खिडकीतून, एखाद्या संकोची पाहुण्यासारखं स्वयंपाकघरात येई. नव्या ओट्याचा काळा कडप्पा त्याने उजळत नसे. त्यावरची सिमेंटची धूळ तेवढी दिसू लागे. शेवटी ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या रत्नदीपच्या वडिलांच्या, महादूबाबांच्या चेहऱ्यावर येऊन थांबे. खिडकी झाल्यापासून बाबा रोज तिथेच बसत. ऊन थेट डोळ्यांत घेऊन, निवांत. रत्नदीपला ते दृश्य आवडे. म्हाताऱ्या माणसाला ऊब हवी असते, एवढंच तो स्वतःला सांगे.

"आज तरी आत येल का रे पाणी?" जानकीबाईंनी ओट्याखाली परात सरकवत विचारलं. "का घेऊ हंडा नि जाऊ भायेर?"

"येईल, आई."

"काल पन येनार होतं. आलं ते माझ्या पायावर."

स्टुलावरून बाबा हसले.

गावात पाणी पावणेसातला येई आणि चाळीस मिनिटांत जाई. त्यामुळे रत्नदीपची चूक त्याला चोवीस तासांतून एकदाच कळे. मुरबाडच्या पतसंस्थेतून संध्याकाळी परतल्यावर तो मोबाइलवरचे व्हिडिओ पाहत आट्यांवर टेप गुंडाळून पाइप जोडी, पुसून कोरडे करी, आणि रात्रभर ते शहाण्यासारखे गप्प बसत. सकाळी पाणी आलं, की ओट्याखालचा तोच सांधा फुटल्यासारखा उडे. आजची तिसरी सकाळ होती.

मुरबाडच्या प्लंबरने हे काम तासाभरात केलं असतं. पण महादूबाबांनी तीस वर्षं गावाचं पाणी सोडलं होतं. कुठला व्हॉल्व्ह किती फेऱ्यांनी उघडतो, कुठल्या आळीच्या पाइपला कुठे जोड आहे, हे त्यांच्या हातांना पाठ होतं. त्यांच्या घरात परका प्लंबर आणायचा? गाव काय म्हणेल? आणि त्याच तीस वर्षांत आईने मात्र अंगणातल्या नळावरून चुलीपर्यंत हंडे वाहिले होते. ओट्यावर नळ देईन, हा रत्नदीपचा तिला दिलेला शब्द होता.

"अरे, घरात देव झोपलाय नि तू मोबाइलला पुजतोस," जानकीबाई हळूच म्हणाल्या. "त्यांना इचार की."

"त्यांना कशाला त्रास?"

"त्रास त्यांना होल, का तुला?"

रत्नदीप पान्याने सांधा पुन्हा आवळू लागला. बाबांना विचारायचं, म्हणजे पाना त्यांच्या हातात द्यायचा. आणि मग तो हात कुठे जातो, ते पाहावं लागणार. त्याला ते पाहायचं नव्हतं. आई अलीकडे चहाचा कप बाबांच्या बोटांत नेऊन ठेवी. ताटावर बसताना "भाकर डाव्या अंगाला हाय" असं सहज बोलल्यासारखं सांगे. कोणी चौकशी केली, की रत्नदीप म्हणे, मोतीबिंदू आहे, पावसाळ्यानंतर ऑपरेशन केलं की झालं. पावसाळा संपून गेला होता. कल्याणच्या डॉक्टरांचा कागद कपाटात, कपड्यांच्या घडीखाली होता. रत्नदीपने तो एकदाच वाचला होता.

"आलं," बाबा म्हणाले.

रत्नदीपला काहीच ऐकू आलं नाही. मग पाइपातून हवेचा बारीक सुस्कारा आला, नळ खोकला, आणि दुसऱ्याच क्षणी ओट्याखालून फवारा उडाला. परात भरली. जानकीबाईंनी पदर खोचला.

"झाली माझी आंघोळ! उद्या साबन घेऊनच बसतंय."

"कॉक बंद कर," बाबा म्हणाले. "घाबरू नको. अजून लय टाइम हाय."

रत्नदीपने कॉक बंद केला. बाबा भिंतीला हात लावत आले, ओट्याच्या कडेवरून बोटं फिरवली आणि मांडी घालून ओल्या फरशीवर बसले.

"बाबा, आत अंधार आहे. थांबा, टॉर्च धरतो."

बाबांचा हात ओट्याखाली गेला होता. ते अगदी सहज हसले.

"मला कशाला टॉर्च? ती तुला लागते. पाना दे."

रत्नदीपने पाना दिला. टॉर्च मात्र तशीच धरून ठेवली. तिच्या उजेडात त्याला ते हात दिसत होते. त्यांनी सांधा शोधला, सोडवला, आणि अंगठा आट्यांवरून एकदाच फिरवला.

"टेप उलटी गुंडाळलीस रे. तू आवळतोस तशी ती सुटत जाते. कोनी शिकवलं?"

"मोबाइलने."

"मंग त्यालाच बोलाव पानी भरायला." बाबांनी भिजलेली टेप नखाने सोलून काढली. "हात दे हिकडं. हा आटा असा चढतो ना? मंग टेप पन अशीच. त्याच्याच वाटेनं."

मुलाचं बोट आपल्या बोटांत धरून त्यांनी नवी टेप गुंडाळली. लहानपणी पाटीवर अक्षर गिरवून घेतलं होतं तशीच. सांधा बसला. पाना शेवटचा फिरवताना बाबांनी श्वास रोखून कान दिला.

"सोड."

रत्नदीपने कॉक उघडला. ओट्याखाली कोरडं राहिलं. वर नळ भरदार वाहू लागला, आणि जानकीबाई काही क्षण हंडा न लावता नुसत्याच पाहत राहिल्या. मग त्यांनी पहिला तांब्या भरून बाबांच्या हातात दिला.

"घ्या. गावाला पाजलंत, आज आपल्या घरचं प्या."

"लय उशीर झाला गो मला," बाबा म्हणाले. ते खुशीत होते. पाणी पिऊन झालं, तरी ओला तळवा नळाच्या धारेखाली धरून ते उभे राहिले.

खिडकीतलं ऊन आता ओट्यावर, पाण्यावर आणि त्यांच्या तोंडावर पडलं होतं. रत्नदीपचे डोळे दिपले; त्याने हात आडवा धरला. शेजारी बाबांचे डोळे त्याच उन्हात सताड उघडे होते. पापणीही लवत नव्हती.

रत्नदीपने टॉर्च विझवली.

तो मोतीबिंदू नव्हता. बाबांना दिसत नव्हतं, आणि आता कधी दिसणार नव्हतं.