उकळी फुटल्यावर वीस मिनिटं

"मोटर आहे का त्यात, ते आधी सांगा. बटण दाबलं की घरघरतं का?"

फोनवरच्या माणसाला मावशींनी घाई केली नाही. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा नाकावर चढवला, तेव्हा कुठे उत्तर आले.

"घरघरतं."

"मग उकळायचं नाही. कोमट पाणी, बिनवासाचा साधा साबण, मऊ फडकं. चार्जिंगचं भोक कोरडं ठेवायचं. फिनेल नको, स्पिरिट नको. वापरायच्या आधी धुवायचं आणि नंतरही, मग पुरतं वाळवायचं. आणि एवढं लाजू नका हो! दात घासताना लाजता का?"

माणूस हसला. हसला म्हणजे आता नीट ऐकणार, हे मावशींना तीन वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते. भीड भिकेची बहीण असते, आणि या धंद्यात तर ती सरळ दवाखान्याची वाट दाखवते. लोक हजारदा विचार करून वस्तू घेतात, पण ती धुवायची कशी हे विचारायला मात्र त्यांची जीभ टाळूला चिकटते.

कंपनी छोटी होती. प्रौढ माणसांनी आपल्या सुखासाठी खासगीत वापरायच्या वस्तू ती विकायची. पुढच्या खोलीत खोकी बांधली जात, मागच्या खोलीत एक टेबल, एक फोन आणि मावशी. प्रत्येक खोक्यावर त्या फोनचा नंबर छापलेला असे आणि खाली लिहिलेले असे, 'स्वच्छता आणि निगा : निःसंकोच विचारा'. मालकीण मावशींच्या मुलीच्या वयाची होती. तिने कामाचा एकच नियम घालून दिला होता. फोन करणाऱ्याचे नाव विचारायचे नाही, आणि कळले तरी कळले असे दाखवायचे नाही.

मावशींना हा नियम मनापासून आवडला होता. बाकी सगळे शहाणपण त्यांनी सोबतच आणले होते. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात त्यांनी तेहतीस वर्षे काढली होती. शस्त्रक्रियेची हत्यारे रक्ताने माखून खाली यायची आणि लखलखीत होऊन वर जायची. वरच्या डॉक्टरांना फुले मिळायची, पेढे मिळायचे. तळघरातल्या बायकांना मिळायची ती वाफ. तिथले लोक त्यांना वाफमावशीच म्हणत. पण तेहतीस वर्षांत त्यांच्या हातून गेलेल्या एकाही चिमट्याने कुणाची जखम चिघळली नाही, हे त्यांना माहीत होते, आणि ते आठवले की एकसष्टाव्या वर्षीही त्यांची मान ताठ व्हायची.

टेबलाच्या खणात मात्र एक वस्तू होती, ती मान जागेवर ठेवायला. जांभळ्या रंगाची, एका बाजूने फुगलेली, दुसऱ्या बाजूने शिवण उसवल्यासारखी फाटलेली. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मावशींनी एका बाईला ठणकावून सांगितले होते, "उकळा! उकळल्याशिवाय काही शुद्ध होत नाही." वस्तू मोटरची होती. बाईने ती उकळली आणि चिठ्ठीसकट परत पाठवून दिली. चिठ्ठीत फक्त एवढेच होते : 'आता काय करू?' मावशी दोन रात्री झोपल्या नाहीत. मग त्या मालकिणीकडून सगळे नव्याने शिकल्या. सिलिकॉनची बिनमोटरची वस्तू उकळता येते, तीही पाचेक मिनिटे. मोटरची कधीच नाही. मऊ, चिकट, सच्छिद्र रबराची असेल तर ती पुरती निर्जंतुक होतच नाही, तिच्यावर कंडोमचे वेष्टण हवे. चीर पडली की माया न करता फेकायची. ती जांभळी वस्तू त्या नव्या माणसांना दाखवत आणि म्हणत, "हे माझं सर्टिफिकेट."

ही घोडचूक करायला माणूस तळघरातच वाढलेला असावा लागतो. तिथे उकळणे हाच धर्म होता, आणि त्या धर्माच्या मुख्य होत्या मोठ्या सिस्टर.

मोठ्या सिस्टर म्हणजे तळघराच्या प्रमुख. बांधा काडीसारखा, पण त्या दारात आल्या की दहा बायका हातातले काम घेऊन ताडकन उभ्या राहायच्या. प्रत्येक हत्यार त्या उजेडाकडे धरून बघायच्या. पातेल्याखाली आच लावली की लगेच वेळ मोजायला लागणाऱ्या बाईची धडगत नसायची. "बुडबुडे आले म्हणजे उकळी नव्हे! उकळी फुटल्यावर घड्याळ लावायचं. तिथून वीस मिनिटं. एकोणीस नाही!" हे सगळे ओरडून, कारण वाफेच्या यंत्राच्या धडधडाटात ओरडल्याशिवाय काही ऐकूच यायचे नाही. आणि दिवसाच्या शेवटी ठरलेले वाक्य : "ओलं ठेवलं तर धुतलेलं वाया."

काम पसंत पडले तर त्या "ठीक" म्हणायच्या. त्यापलीकडे त्यांची जीभ गेली नाही. 'चांगलं' हा शब्द मावशींनी त्यांच्या तोंडून तेहतीस वर्षांत ऐकला नव्हता. स्वतःच्या आईने नाही म्हटले तरी चालेल, पण या बाईने एकदा म्हणावे, अशी मावशींची फार इच्छा होती. बोलून दाखवायची सोय नव्हती.

ती इच्छाही दोन वर्षांपूर्वी खुंटली. निवृत्त झालेल्या सगळ्याजणी जेवायला जमल्या होत्या. कुणीतरी विचारले, हल्ली काय करतेस? मावशींनी आडपडदा न ठेवता सांगून टाकले. टेबलावर खसखस पिकली. मोठ्या सिस्टरांनी चमचा खाली ठेवला.

"माझ्या खोलीतले हात तू असल्या वस्तूंना लावतेस? एवढं शिकवलं ते यासाठी?"

त्या न जेवताच उठल्या. त्यानंतर मावशींनी चारदा फोन केला, चारही वेळा तो वाजून वाजून बंद झाला. मावशी घरी येऊन नवऱ्यापुढे रडल्या. नवरा शिंपी. कंपनीच्या वस्तूंसाठी लागणाऱ्या सुती पिशव्या तोच शिवायचा, कारण वस्तू एकमेकींना चिकटून ठेवल्या की खराब होतात, प्रत्येकीला स्वतंत्र पिशवी लागते. तो मशीन न थांबवता म्हणाला, "तुझ्या सिस्टरांना सांग, मी पण बिघडलोय. दोघं मिळून बिघडलोय." मावशी रडता रडता हसल्या, पण काटा रुतला तो रुतलाच.

आज दुपारी फोन वाजला तेव्हा मालकीण खोकी मोजत होती.

"नमस्कार. स्वच्छता आणि निगा. निवांत बोला."

"मी..." कुजबुजता आवाज, म्हातारा. "माझ्या एका मैत्रिणीसाठी विचारतेय."

मावशी गालात हसल्या. दहांतले आठ फोन मैत्रिणीसाठीच असतात. जगात खरोखर एवढ्या मैत्रिणी असत्या तर कुणी एकटे राहिलेच नसते.

"विचारा ना. काय झालं मैत्रिणीचं?"

"तिने तुमची वस्तू घेतली. कालच आली. वापरायच्या आधी स्वच्छ करायची म्हणून... आता ती चालत नाही."

"कशी स्वच्छ केली त्यांनी?"

"नीटच केली!" कुजबुजीलाही धार आली. "आधी थंड पाण्याने, मग साबणाने. मग उकळली. उकळी फुटल्यावर घड्याळ लावून, वीस मिनिटं."

मावशींच्या हातातले पेन जिथल्या तिथे थांबले.

घरी कुणी वीस मिनिटे उकळत नाही. बाटली असो, टॉवेल असो, लोक दोन बुडबुडे बघतात आणि गॅस बंद करतात. आणि उकळी फुटल्यावर घड्याळ लावणारी माणसे जगात एकाच तळघरातून बाहेर पडली होती. मावशींनी मोठ्या सिस्टरांची कुजबुज कधी ऐकलीच नव्हती. आणि त्यांचा हा फोनवरचा हळू आवाज सिस्टरांनी तरी कधी ऐकला होता? जन्मभर दोघी एकमेकींशी ओरडूनच बोलल्या होत्या.

'सिस्टर, मी आहे,' हे शब्द अगदी ओठांवर आले. दोन वर्षांचा काटा एका वाक्यात निघाला असता. असल्या वस्तू ना? कोण विचारतंय आता? असेही म्हणता आले असते, आणि मावशी काही संत नव्हत्या, क्षणभर त्यांना तेही म्हणावेसे वाटले. पण पलीकडे एक बाई सगळी अब्रू मुठीत धरून बसली होती. ती मूठ उघडायचा हक्क आपल्याला नाही. मावशींनी आवाज आणखी खाली आणला.

"मैत्रिणीची काही चूक नाही. खोक्यातला कागद बारीक अक्षरात आहे, आम्हीच मोठा छापायला हवा. मोटरची वस्तू उकळत नाहीत, आतली बॅटरी बिघडते. आता ती वस्तू कुठे आहे?"

"इथेच. म्हटलं, बॅटरी उतरली असेल. चार्जिंगला लावलीये. जरा फुगल्यासारखी दिसतेय, आणि गरम..."

"आधी काढा!"

मावशी ओरडल्या. तळघरातला आवाज होता तो, यंत्राच्या वरताण जाणारा. पुढच्या खोलीत मालकिणीच्या हातातले खोके पडले.

"भिंतीवरचं बटण बंद करा आधी! मग वायर काढा! वस्तूला हात लावू नका! लांब व्हा!"

पलीकडे खुर्ची सरकली. पावले. खट्. पुन्हा पावले, हळू. मग नुसता श्वास ऐकू आला.

मावशींनी डोळे मिटले. सिस्टरांनी ते ओरडणं ओळखलं. आता फोन खाली ठेवणार.

"काढली," आवाज आला. कुजबुज नव्हती आता. कोरडा, सरळ, म्हातारा आवाज. "पुढे?"

"गार होईपर्यंत तिथेच राहू दे. पडदा, कागद जवळ नको. पुन्हा चार्ज करायची नाही, कधीच नाही. कचऱ्यातही टाकायची नाही, जुन्या बॅटऱ्या घेतात तिथे द्यायची. आम्ही दुसरी पाठवतो. पत्ता नको, खोक्यावरचा आकडा सांगितला की पहिली आली तिथेच येईल."

"फुकट नको. मैत्रीण विकत घेईल." थोडे थांबून आवाज म्हणाला, "मैत्रिणीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगाला लागणाऱ्या वस्तू उकळल्या. स्वतःच्या अंगासाठी घेतलेली ही पहिलीच. म्हणून तिला वाटलं, नीट उकळावी."

मावशींच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. त्यांनी ते येऊ दिले.

"मैत्रिणीला सांगा, नवीन आली की उकळायची नाही. कोमट पाण्यात साधा साबण, मऊ फडक्याने पुसून घ्यायची, भोकात पाणी जाऊ द्यायचं नाही. कोरडं वाटत असेल तर पाण्याचं वंगण वापरायचं. सिलिकॉनचं नको, ते सिलिकॉनच्या वस्तूला खातं. वापरायच्या आधी उजेडाकडे धरून बघायची, कुठे चीर दिसली तर टाकून द्यायची. काही दुखलं, जळजळलं, तर थांबून डॉक्टरांना विचारायचं. सोबत सुती पिशवी येते. तिच्यात एकटीच ठेवायची."

"उजेडाकडे धरून," आवाज म्हणाला.

"हो."

"हे सगळं कुणी शिकवलं तुला?"

मावशींनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"होत्या एकजण. फार कडक होत्या. काम पसंत पडलं तर ठीक म्हणायच्या. त्यापुढे कधी गेल्या नाहीत."

पलीकडे भिंतीवरचे घड्याळ टकटकत होते. ते कुठले असेल हेही मावशींना माहीत होते, तळघरातल्या बायकांनीच वर्गणी काढून निरोपाला दिले होते.

"एक राहिलं तुझं सांगायचं," आवाज म्हणाला, अगदी पूर्वीच्या जरबेने. "पिशवीत ठेवायच्या आधी काय?"

मावशींची जीभच चावली गेली. राहिलेच होते की! तीन वर्षांत एकदाही न चुकलेली पायरी नेमकी आज विसरली होती.

"पुरती वाळवायची. वाऱ्यावर. ओलं ठेवलं तर..."

"धुतलेलं वाया," दोघी एकदमच म्हणाल्या.

फोन खाली ठेवायच्या आधी आवाज एवढेच म्हणाला, "चांगलं करतेस."

मालकीण दारात येऊन उभी होती. "मावशी, कोण होतं? एवढं ओरडलात, घाबरले मी."

"मैत्रिणीसाठी विचारत होत्या," मावशी म्हणाल्या. "आणि ऐक, तो खोक्यातला कागद मोठ्या अक्षरात छापायचा. 'उकळू नका' सगळ्यात वर. आजच."

"छापू. पण बसा की आता जरा."

मावशींनी खाली पाहिले. खुर्ची मागे भिंतीला जाऊन टेकली होती. मघा वीस मिनिटे हे शब्द ऐकले तेव्हापासून त्या उभ्याच होत्या, पाय जुळवून, पाठ ताठ.