काचेतली दवा

खाजाभाईंच्या नडगीवरची जखम पुन्हा उघडली, तेव्हा त्यांची मुलगी सालेहा नांदेडला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होती. अम्मीचा फोन आला, "ताप उतरेना. तू ये." हातातलं काम टाकून ती लातूरच्या एसटीत बसली.

जखम भूकंपाच्या वेळची. खाजाभाई शिवलेले कपडे पोचवायला किल्लारीजवळच्या एका गावी गेले आणि रात्री तिथंच राहिले. पहाटे भिंत पायावर आली. हाड जुळलं, पण आतून सडत राहिलं. दर दोन-तीन वर्षांनी नडगीला तोंड पडायचं, पू यायचा. मग खाजाभाई मेडिकलमधून कॅप्सूल आणायचे, ठणका थांबला की बंद करायचे आणि शिलाई मशीनवर बसायचे.

म्हणून तर सालेहाला डॉक्टर करायचं ठरलं होतं. रेणापूर-चाकूरकडची पोरं लातुरात खोल्या घेऊन क्लासला राहायची. हिला क्लास घरापासून पायी होता. तरी डॉक्टरकीचा प्रवेश थोडक्यात हुकला. मग तिनं जंतूंचा अभ्यास घेतला आणि पीएचडीला लागली. मोहल्ला तिला डॉक्टरच म्हणायचा. तिनं आधी समजावून पाहिलं, नंतर नाद सोडला.

तिच्याच क्लासमधला सोमेश मात्र खरा डॉक्टर झाला होता, हाडांचा. खाजाभाई दवाखान्यात त्याच्याच वॉर्डात होते. त्यानं तिला बाजूला घेतलं.

"रिपोर्ट बघितलास? एकही औषध चालत नाही. एक उरलंय, ते दिलं तर किडनी बसेल. आणि किडनी साखरेनं आधीच निम्मी गेलीय."

"पाय?"

"वाट बघू थोडी. फार नाही बघता यायची."

तिचा विश्वास बसेना. सोमेशला सांगून तिनं जखमेतला पू बाटलीत घेतला आणि नांदेडला जाऊन स्वतः तपासला. दुसऱ्या दिवशी जंतू वाढवलेली काचेची प्लेट उघडली. नेहमीच्या औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्यांना जंतू अगदी खेटून वाढले होते. फक्त एका चकतीभोवती जंतू नसलेलं स्वच्छ, मोकळं वर्तुळ होतं. ती चकती तिच्या स्वतःच्या रसायनाची होती. तीन वर्षं ती त्याच्याच मागे होती.

क्षणभर तिला नुसता आनंद झाला. मग आठवलं, हेच रसायन माणसाच्या रक्तात मिसळलं तेव्हा नळीतल्या तांबड्या पेशी फुटल्या होत्या. अजून ते उंदरालासुद्धा दिलेलं नव्हतं.

लातूरला परतून तिनं अब्बांच्या खाटेजवळच हे सोमेशला सांगितलं. अब्बा झोपलेत असं तिला वाटलं होतं.

"तुझ्याकडं दवा हाय?" त्यांनी विचारलं.

"दवा न्हाई, अब्बा. काचेत जंतू मारते, एवढंच."

"जंतू माझेच ना?"

"हाव."

"मग दे की. आजवर काय काय खाल्लं, कोणी विचारलं का मला?"

"रक्तात गेली तर रक्तच फुटतं. मी बघितलंय."

"थोडी दे मग. सालनाच्या रश्श्यात नमक कमी घालतो तशी."

"थोडीनं जंतू मरत न्हाईत, अब्बा."

अम्मी उशाशी बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "मग इतकी वर्षं काय शिकून राहिली तू?"

सालेहानं सोमेशकडे पाहिलं. तो सलाईनचा थेंब कमी-जास्त करत राहिला. बाहेर व्हरांड्यात आल्यावर म्हणाला, "माझ्याकडं तरी काय आहे, सालेहा? मला कापता येतं."

ताप डोक्यात चढून खाजाभाई बरळायला लागले, तेव्हा सोमेशनं पाय गुडघ्याच्या वरून काढला. जीव वाचला. शेजारच्या पार्वतीबाई भेटायला आल्या आणि अम्मीला म्हणाल्या, "पोरीपाशी दवा असून दिली न्हाई म्हणं?" अम्मीनं त्यांना बसायला स्टूल सरकवलं. सालेहा तिथंच मोसंबी सोलत होती. तिनं दोन फोडी पार्वतीबाईंच्या हातावर ठेवल्या.

संध्याकाळी नांदेडहून पीएचडीच्या सरांचा फोन आला. आधी त्यांनी वडिलांची चौकशी केली. मग म्हणाले, "तो जंतू जपून ठेव. चांगला पेपर होईल." ती "हो सर" म्हणाली. सर चुकीचं बोलत नव्हते, हे तिला कळत होतं.

खाजाभाई जागे होते. "बेटा, तुझी दवा बाजारात कधी येईल?"

"बहुतेक येणारच न्हाई. अशी बरीच रसायनं काचेतच राहतात."

"मग कशाला करून राहिली?"

याचं उत्तर तिनं परिषदांमध्ये कितीदा दिलं होतं. तिनं त्यांची उशी सारखी केली. त्यांनी थोडी वाट पाहिली आणि डोळे मिटले.

"तळपाय ठणकून राहिला," ते म्हणाले. "जरा दाब."

कुठला, हे तिनं विचारलं नाही. ती खाटेच्या पायथ्याशी गेली आणि चादर जिथं सपाट पडली होती, तिथं हात ठेवून बसली.