एकाच भाषेची दुभाषीण

भांडण एका बोडक्या टेकाडाचं. तिथं कुत्रंसुद्धा तंगडी वर करायला जात नाही. पण त्यापायी दोन देशांनी सीमेवरचं फाटक बंद केलं आणि दुभाषीणबाईंची आई पलीकडे अडकली. धाकटीच्या बाळंतपणाला गेली होती म्हातारी. आता तिनंच अंथरूण धरलं होतं. नातेवाइकांसाठी आठवड्यातून एकदा तरी फाटक उघडायचं का, हे आज इकडच्या चौकीत, फाटकाशेजारीच भरणाऱ्या बैठकीत ठरणार होतं.

बाईंची नोकरी म्हणजे शुद्ध थट्टा. दोन्हीकडे भाषा एकच. पण कबूल केलं तर नाक कापलं जाणार, म्हणून दोन्ही देशांनी त्या भाषेला आपापलं वेगळं नाव दिलेलं. इकडचे साहेब बोलले, की तेच वाक्य बाईंनी पलीकडच्या शिष्टमंडळाच्या गलमिशावाल्या प्रमुखांना पुन्हा ऐकवायचं. तोवर गलमिशावाले ठार बहिऱ्यासारखे पंख्याकडे बघत बसणार. विनोद झाला तर हसूसुद्धा गालात धरून ठेवणार. याला म्हणे मुत्सद्देगिरी.

सकाळी गाडी रुळावर होती. साहेब म्हणाले, "दर रविवारी फाटक उघडायला आमची हरकत नाही."

"आमचीही नाही," गलमिशावाले बोलून गेले.

बाईंनी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

साहेबांचा सचिव पुढे झुकला. "म्हणजे आमची भाषा यांना कळते. नोंद करा."

"मला एक अक्षर कळलेलं नाही," गलमिशावाले कडाडले, तेही बाईंसाठी न थांबता.

झालं. फाटकाचा विषय बारगळला, आणि कुणाची भाषा कुणी चोरली यावर दुपारपर्यंत टेबलं बडवली गेली.

मग चहा. तेव्हा मात्र हीच दोन थोर माणसं खिडकीशी उभी राहून गुडघेदुखीवर बोलत होती, दुभाष्याविना.

"तेल लावता का?"

"बायको चोळते. गुण शून्य."

बाई जवळ गेल्या. "साहेब, आईचं काही खरं नाही. एक रविवार तरी..."

"बाई, देशाच्या अब्रूचा प्रश्न आहे. पुढच्या बैठकीत बघू."

नंतर दोघं पत्रकारांपुढे बसले. साहेब म्हणाले, "चर्चा अत्यंत खेळीमेळीत झाली."

बाईंनी वही मिटून टेबलावर ठेवली.

"सांगा ना त्यांना."

"ऐकलंय त्यांनी. कान शाबूत आहेत."

गलमिशावाल्यांनी पुन्हा पंख्याकडे नजर लावली. बोलावं तर चोरी उघडी, न बोलावं तर मुके ठरणार. कॅमेरे चालूच.

"आईला भेटू द्या," बाई म्हणाल्या, "मग सांगते."

"हाकला हिला," सचिव पुटपुटला. फोन फिरले. पलीकडून दुसरा दुभाषा निघाला, आणि जे फाटक मरणाऱ्या माणसांसाठी हलत नव्हतं, ते त्याच्यासाठी टेबलावरचा चहा निवायच्या आत उघडलं.

बाहेर काढलेल्या बाई फाटकाशीच उभ्या होत्या. दुभाष्याची मोटार आत आली. शिपायाचा सलामाचा हात खाली येईपर्यंत त्यांनी सीमेची रेघ ओलांडली होती.

"ओ बाई, कुठं?"

"आईकडे."

"अहो, परत कशा येणार?"

"पुढच्या बैठकीला येईन की," चालता चालता बाई म्हणाल्या. "नाहीतर चहा पिता पिताच बैठक घ्या म्हणावं."

शिपायाने फाटक लावून घेतलं. तसा हुकूमच होता.