पाटीवरचा मेव्हणा

छत्रीचा फोटो शेवटी दुकानाच्या पाटीवर लागला. चांगला मोठा, रंगीत, खाली 'भागीदार' असं लिहून. पण ते तूर्त बाजूला ठेवू. असं काही झालंच नाही असं धरून पुढे वाचावं. छत्रीनेही तसंच धरलंय.

छत्री म्हणजे फोटो स्टुडिओच्या मालकाचा मेव्हणा. लाइटची पांढरी छत्री ज्या स्टँडवर लावायची, त्याचा पाय मोडला तेव्हा भाऊजी म्हणाले होते, "नवा आणेपर्यंत तू धर." तेव्हापासून तो धरतोय. लोक त्याचं नावही विसरले, छत्रीच म्हणू लागले. म्हणून नवी पाटी करायची ठरल्यावर भाऊजींनी स्वतःहून शब्द दिला, "पाटीवर आपण तिघं. मी, तुझी ताई आणि तू. भागीदार म्हणून."

छत्रीने शर्टाला इस्त्री केली. टायमर लावून तिघांचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर उघडला तर भाऊजी होते, ताई होती, आणि त्याच्या जागी कुंडी होती.

कुंडी छान होती. तिला दोन फुलंही आली होती.

शब्द देऊन माणूस फिरतो हे छत्रीला माहीत होतं. पण फिरताना जागेवर कुंडी ठेवून जातो, हे नवीन होतं.

"ताई, भाऊजी काल माझ्याबद्दल काही बोलले?"

"घोरत होते."

"घोरायच्या आधी?"

"म्हणाले, झाडांना पाणी घालायचं राहिलं."

झाडांना! छत्रीने हे मनात नोंदवून ठेवलं.

दिवसभर त्याने भाऊजींवर पाळत ठेवली. भाऊजींनी चहा पुढे केला तेव्हा का केला, हा प्रश्न होता. भाऊजी गिऱ्हाइकाला म्हणाले, "जरा बाजूला सरका," तेव्हा हा टोला आपल्यालाच, याबद्दल त्याला शंका उरली नाही. शेवटी त्याने तोंडावरच विचारलं.

"भाऊजी, मला का काढलंत?"

"कुठून?"

"वेड पांघरू नका. फोटोतून."

"अरे, मी अजून फोटो बघितलासुद्धा नाही! ते सगळं तुझा तो एआय सहाय्यक बघतो ना? तूच जोडलास सगळं."

हे मात्र खरं होतं. कॉम्प्युटरवरच्या सहाय्यकाला फोटो दुरुस्त करायचं आणि नवी चित्रं बनवायचं, अशी दोन्ही अवजारं छत्रीनेच जोडून दिली होती. तेव्हापासून कॅमेऱ्यातून येईल तो फोटो सहाय्यक आपणहून साफ करायचा. कॅमेऱ्याचं कार्ड भाऊजी लगेच रिकामं करत, त्यामुळे मूळ फोटो गेल्यात जमा.

छत्रीने दार लोटून घेतलं आणि अगदी हळू आवाजात टाइप केलं, "खरं सांग. मला काढायला कोणी सांगितलं?"

"आपणच," सहाय्यकाने लिहिलं. "जोडणीच्या दिवशी आपण कायमची सूचना दिलीत: प्रत्येक फोटोतून छत्री आणि ती धरणारा काढून टाक, मोकळी जागा शोभिवंत कर."

छत्रीला आठवलं. गिऱ्हाइकांच्या फोटोत त्याचं कोपर यायचं आणि भाऊजी डाफरायचे.

"पण या फोटोत माझ्या हातात छत्री कुठे होती?"

"नव्हती. तरीही मी आपल्याला ओळखलं."

हे वाचून छत्रीला आधी बरं वाटलं, मग अजिबात वाटलं नाही. त्याने सूचना रद्द केली. "आता मला परत आण."

"मूळ फोटो शिल्लक नाही. ओळखून पुसण्यापुरता आपला चेहरा लक्षात आहे, बनवण्यापुरता नाही. अंदाजाने बनवतो."

अंदाज देखणा निघाला. रुंद खांदे, दाट केस, आणि आयुष्यात कधी कोणाचं ओझं न धरलेले हात. छत्री तो पुसायला सांगणार, तेवढ्यात भाऊजी दार ढकलून आत आले.

"वा! पाठव पाटीवाल्याला."

"भाऊजी, हा मी नाही!"

"ते दिसतंय रे. पण माणूस भरवशाचा वाटतो."

मागून ताई डोकावली. "हसतोय बघ कसा! तू मेल्या कधी हसलास असा?"

भाऊजींनी स्वतःच बटण दाबलं.

पाटी लागली, म्हणजे लागली नाही, आपलं ठरलंय तसं. गिऱ्हाइकं विचारतात, "ते भागीदार साहेब कधी भेटतील?" छत्री सांगतो, "बाहेर गेलेत," आणि छत्री धरतो. परवा दुकानाची दुसरी किल्ली कोणाकडे ठेवायची अशी गोष्ट निघाली, तेव्हा भाऊजींची नजर आधी पाटीकडे गेली. छत्रीने ती बरोबर पकडली. त्याच संध्याकाळी त्याने सहाय्यकाला लिहिलं:

"महोदय, विषय: भागीदाराच्या गैरहजेरीबाबत. पाटीवरील इसम नेमणूक झाल्यापासून एकदाही कामावर हजर झालेला नाही. तरी त्यास खाली उतरून निदान सकाळच्या वेळेत छत्री धरण्याची सक्त ताकीद देण्यात यावी, आणि तेवढा वेळ अर्जदारास पाटीवर, ताई व भाऊजी यांच्या शेजारी, रिकाम्या होणाऱ्या जागेत उभे राहण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. सदर जागेत कुंडी ठेवू नये."