ओल्या कचऱ्यातला फोन

थोरलीचा फोन अगदी छान चालत होता, आणि हेच तिचं दुःख होतं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या जावेने नवाकोरा फोन घेतला होता. त्यात फोटो किती लख्ख येतात, माहेरची माणसं कशी समोर बसल्यासारखी दिसतात, हे सासूबाई जेवताना कौतुकाने सांगायच्या. थोरली ताट अर्धवट टाकून उठायची. जळफळाट म्हणजे काय, हे तिलाच विचारावं.

"मलाही तसलाच हवा," तिने नवऱ्याला सांगितलं.

"आहे त्याला काय धाड भरलीय?" नवरा म्हणाला. "आणि तसल्या नव्या फोनबरोबर कंपनीचा महागडा प्लॅन गळ्यात पडतो. बोला न बोला, महिना भरला की पैसे कापतात."

शनिवारी दुपारी थोरलीने तो चालता फोन ओल्या कचऱ्याच्या डब्यात, बटाट्याच्या सालींखाली दडवला आणि बाजारात हरवला म्हणून रडून सांगितलं. संध्याकाळी नवा फोन घरात आला, धाकटीच्या फोनपेक्षा बोटभर मोठा. प्लॅनही आला. कंपन्या कशा लुटतात, यावर त्या दिवशी सगळ्यांत जास्त तीच बोलली.

रविवारी सकाळी कचरागाडी फाटकाशी थांबली. गाडीवरची मावशी रोजच्यासारखी लोखंडी आकडीने कचरा वेगळा करत होती. आकडी फोनच्या बॅटरीत घुसली आणि भपकन जाळ झाला. मावशीचा हात मनगटापर्यंत भाजला. धाकटीने धावत जाऊन तो नळाखाली धरला. तेवढ्यात मुकादम आला.

"ओल्या कचऱ्यात फोन कुठून येईल?" तो मावशीवर खेकसला. "भंगारात विकायला तूच लपवला असणार. उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"विकायचा असता तर त्यात आकडी कशाला खुपसली असती, साहेब?" मावशी म्हणाली. मग जमलेल्या सगळ्यांकडे वळून बोलली, "तुम्ही डब्यात टाकता आणि मोकळे होता. पण टाकलेलं कुठे जात नाही हो. ते आमच्या हातात येतं."

थोरली फाटकाआड उभी होती. बोलावं, तर धाकटीसमोर अब्रू जाणार. गप्प राहावं, तर मावशीचं काम जाणार. तिने पाय घराकडे वळवलेही, खोटं कशाला सांगू? मग मावशीच्या हातावर टरारून आलेले फोड तिला दिसले.

"तो फोन माझा आहे!" ती ओरडली. "हरवला नव्हता. मीच टाकला. हिच्यासारखा नवा हवा होता म्हणून."

नवऱ्याने मान खाली घातली. मुकादमाने मावशीचा विषय सोडून घराच्या नावाने दंडाची पावती फाडली. धाकटी "माझ्यासारखा?" म्हणाली आणि फस्सकन हसली. ते हसणं थोरलीला फार झोंबलं. तरी तिने मावशीला रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं आणि पट्टी होईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिली.

मंडळी, दुसऱ्याचं पाहून आपण चालत्या वस्तू फेकतो आणि वर कंपन्यांच्या नावाने बोटं मोडतो. चालतंय तोवर वापरावं. बंद पडलेला फोन, बॅटरी, चार्जर हे सगळं घरच्या कचऱ्यात न टाकता अशा वस्तू गोळा करणाऱ्यांकडेच द्यावं. थोरलीला धाकटीचा हेवा आजही वाटतो, ती स्वतःच कबूल करते. हेवा कुणाला सुटलाय? पण त्याची झळ तिसऱ्याच्या हाताला लागू नये, एवढं तरी आपल्याला जमायला हवं.