टक् वाजलं का

“फिरव,” मिस्त्री म्हणाला आणि बॉनेटखाली मान कलती करून त्याने श्वास धरला.

गप्पूने चावी फिरवली. समोरचे दिवे मंदावले, इंजिनाशेजारच्या रिलेच्या काळ्या डबीत टक् झालं, आणि पुढे काही नाही. गाडी ढिम्म.

“अरे, फिरव ना.”

“फिरवली की! हात दुखायला लागला माझा.”

“पुन्हा.”

पुन्हा टक्. वाळकी काडी मोडावी तसं, स्वच्छ.

“गप्प आहे,” मिस्त्री सरळ होत म्हणाला. “रिले मेलाय. बदल गं.”

बायकोने उचललेला पाना तसाच हातात राहिला.

साखरेने मिस्त्रीचे डोळे नेले, तेव्हा दुकान आता बंद होणार असं सगळ्यांनीच धरलं होतं. तो मात्र दुसऱ्याच आठवड्यात तिला घेऊन शटरपाशी आला. म्हणाला, कान माझे आहेत, हात तुझे आहेत, गाड्यांना आणखी काय लागतं? त्याने तिला वायरींचे रंग शिकवले, स्वतःला न दिसणारे. कुठली गाडी चालू होत नसली की त्याची पहिली खूण ठरलेली होती. चावी फिरवल्यावर रिले टक् म्हणाला, तर करंट तिथवर पोचतोय, दोष पुढे शोधायचा. नाही म्हणाला, तर दोष अलीकडे, रिलेत नाहीतर चावीत. त्या एका टक्‌पाशी वाट फुटायची, आणि कुठल्या वाटेने जायचं ते मिस्त्री सांगायचा. आजवर चुकला नव्हता. त्याचं जे काही उरलं होतं, ते त्या टक्‌वर उभं होतं.

“वाजलं की, मिस्त्री, चांगलं,” गप्पूने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, “मला इथे आत...”

तिने त्याच्याकडे पाहिलं. ऑइलने माखलेलं बोट ओठांवर ठेवलं.

गप्पू टॅक्सी चालवायचा आणि सिग्नलला उभं राहिलं तरी शेजारच्या गाडीवाल्याशी बोलायचा. नाव त्याला उगाच पडलं नव्हतं. तो गप्प झाला. डोकं हळूच आत घेतलं.

“काय म्हणतोय?” मिस्त्रीने विचारलं.

“घाई आहे म्हणतोय.”

“त्याला जन्मतःच घाई आहे. आईला विचार त्याच्या, सातव्या महिन्यात आला असेल.”

एरवी गप्पूने याला सव्वाशेर उत्तर दिलं असतं. आता तो फक्त स्टिअरिंगवरची धूळ पुसत राहिला.

ती वाकली. रस्त्यावरून ट्रक गेला होता का मघाशी? नव्हता गेला. समोरच्या लोखंडवाल्याचं कटर चालू होतं का? त्याचं दुकान आज बंदच होतं. तिने कारणं एकेक उचलून पाहिली आणि खाली ठेवली. मग बॅटरीपासून निघालेल्या जाड वायरीवरून हात फिरवत गेली. जिथे अर्थिंगची पट्टी गाडीच्या अंगाला जोडलेली असते, तिथे बोटांना ऊब लागली. बोल्टभोवती हिरवट बुरशीसारखा थर. दोष इथे होता. लपलेलाही नव्हता.

रिले बदलल्यावाचून गत्यंतर नव्हतं. काढलेला प्रत्येक भाग मिस्त्रीच्या हातात द्यायचा, हा या दुकानाचा नेम. तिने चांगला चालता रिले उपटला, त्याच्या तळहातावर ठेवला आणि फळीवरचा नवा बसवला. मिस्त्रीने जुना कानाशी नेऊन हलवला, अंगठ्याने त्याच्या कडा चाचपल्या आणि खिशात टाकला. एरवी असले भाग तो मागच्या पत्र्याच्या डब्यात भिरकावायचा.

मग तिने पट्टीचा बोल्ट सैल केला आणि पॉलिशपेपर काढला.

आधी चोरून घासलं. एक ओढ, मग थांबायचं, त्याच्याकडे पाहायचं. तो हातभर अंतरावर स्टुलावर बसला होता. दुकानात टाचणी पडली तरी कुठल्या कोपऱ्यात पडली ते सांगणारा माणूस. तिने आणखी एक ओढ घेतली. मग तिला राहवलं नाही. लोखंडाच्या अंगावर शहारा यावा इतक्या जोरात तिने कागद घासला. खर्र, खर्र, खर्र. गप्पूने आतून दचकून पाहिलं.

मिस्त्री शांतपणे समोर तोंड करून बसला होता. मान हलली नाही.

तिने कागद खाली ठेवला. पण हातांना काम ठाऊक होतं. बोल्ट आवळला गेला, बॉनेटखालून ती बाहेर आली.

“फिरव,” ती म्हणाली.

इंजिन धडधडून चालू झालं. मिस्त्रीने मडगार्डवर पंजा टेकवला आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

“रिलेच होता.”

“हो! रिलेच होता!”

“मग ओरडतेस कशाला?”

गप्पू जाताना खाली उतरला. कधी नव्हे ते मिस्त्रीचा हात हातात घेतला, दाबला, आणि गेला.

“याला आज काय झालं?” मिस्त्री म्हणाला.

दिवसभर ती गुणगुणत होती, नेहमीसारखी. आईकडून आलेलं एक गाणं, निम्मे शब्द विसरलेलं. मिस्त्रीने लग्नापासून त्या गाण्याला एकच दाद दिली होती. सूर सोडलास. भाजी फोडणीला टाकताना, वायर सोलताना, ती कुठेही असो, आतून आवाज यायचा, सूर सोडलास. गेले काही महिने तो तसं म्हणाला नव्हता. तिला वाटलं होतं, आपला गळा सुधारला.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून ती मागच्या नळावर हात धुवायला गेली. परत आली तेव्हा मिस्त्री बाकड्यापाशी उभा होता. जुनी बॅटरी पुढ्यात, तिच्यापासून दोन वायरी, आणि वायरींच्या टोकाशी गप्पूचा रिले. तो वायर टेकवत होता, काढत होता. टक्. टक्. टक्. रिले आधी एका कानाशी धरला, मग दुसऱ्या. मग हनुवटीशी. शेवटी दोन बोटांच्या चिमटीत धरून तो तसाच उभा राहिला, मुलाची नाडी पाहावी तसा.

ती दारातच थांबली.

“साबणाचा वास आला,” तो म्हणाला. “ये.”

ती त्याच्या कानाजवळ येऊन उभी राहिली.

“हा चांगला आहे. बोटांना कळतंय.” त्याने वायर खाली ठेवली. “दोष कुठे होता?”

“अर्थिंगला.”

“घासलीस?”

“घासली.”

“मी तेव्हा कुठे होतो?”

“इथेच होतात. स्टुलावर.”

त्याने रिलेही बाकड्यावर ठेवला. बाहेरच्या दिव्याचा पट्टा शटरखालून आत आला होता, त्याच्या चपलांपर्यंत.

“मला वाटत होतं,” तो म्हणाला, “तू गाणं सोडलंस. म्हटलं, दमली असेल. हे असलं काम, वर मी. कोण गाईल?”

“गाते की. आजही गात होते.”

त्याने हात पुढे केला. तो तिच्या खांद्याला लागला, तिथून गळ्याकडे आला आणि घाटीपाशी थांबला. मघाशी रिलेवर ठेवली तशी दोन बोटं त्याने तिथे हलकेच टेकवली.

“गा,” तो म्हणाला.

तिने तोंड उघडलं. पहिला शब्द ओळखीचा होता, पण तो वर येईना. आवाज फुटलाच नाही. नुसता गळा थरथरत राहिला, त्याच्या बोटांखाली.

मिस्त्रीने मान कलती केली, श्वास धरला.

“सूर सोडलास,” तो म्हणाला.