दगडांचा दिवा

सोपानरावांनी होडीत तीन पायांची घोडी उभी केली, तिचे पाय फळीच्या फटींत घट्ट रोवले, आणि वल्ह्यावर बसलेल्या नवसूच्या मनात पाल चुकचुकली.

असली घोडी त्यानं आयुष्यात एकदाच पाहिली होती. विलायतेतली मोठी लढाई पेटायच्या आधी टोपीवाले साहेब तसलीच घोडी घेऊन त्याच्या वावरात आले होते, एक डोळा मिटून नळीतून बघत होते. बापानं त्यांना हौसेनं ताक पाजलं. पुढं तिथं भिंत आली, भिंतीमागं पाणी आलं. घर, वावर, म्हसोबाचा दगड, सगळं त्या पाण्याच्या पोटात गेलं. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. नवसूनं तर त्यानंतर कुणा टोपीवाल्याला ताक दाखवलंसुद्धा नाही.

"फोटोचा डबा आहे रे," सोपानराव म्हणाले. पुण्याला त्यांचं फोटोचं दुकान होतं. "लोणावळ्याचे दिवे पाण्यावरून टिपायचेत, एवढंच."

"टिपा की. आमचं काय जातंय," नवसू म्हणाला आणि त्यानं वल्हं मारलं.

पण दिवे टिपायला पुण्याहून माणूस येतो, हे काही त्याला पटेना. पुण्यात काय दिवे नाहीत? कुठंतरी पाणी मुरत होतं खास.

पण त्याचं जाण्यासारखं होतं, आणि बरंच होतं. थंडीत तळ्याचं पाणी उतरू लागलं की त्याच्या जुन्या वावराची वरची पट्टी उघडी पडे. त्या गाळात तो हरभरा पेरी, आणि रानडुकरांच्या धाकानं तिथंच खोप घालून बायको आणि गाईसकट राही. सगळं चोरून. जागा आता धरणाची होती. 'इथं माणूस राहिलेला दिसला तर खोपही मोडीन आणि पीकही,' असं पहारेकऱ्यानं बजावलं होतं. घाटे भरायला अजून पंधरा-वीस दिवस हवे होते, आणि त्या हरभऱ्यावरच दोघांचं वर्ष निघायचं होतं. दिवसा खोप दगडांत दगडासारखी खपून जाई. रात्री दिवा लागला तरच घात. आणि हा डबा नेमके दिवेच टिपणार होता. म्हणून निघतानाच त्यानं सावित्राबाईला सांगून ठेवलं होतं, "आज दिवा लावू नगंस."

तळ्याच्या मध्यावर सोपानरावांनी होडी थांबवली. समोर लोणावळं उजळलं होतं. स्टेशनचे दिवे एका ओळीत, वर टेकडीला बंगल्यांचे, आणि तेच सगळे पुन्हा खाली पाण्यात. सोपानराव कामच विसरले.

"काय दिसतंय! तू रोज बघत असशील हे."

"आमची रोज पाठच असती तिकडं," नवसू म्हणाला. वल्हं मारताना त्याचं तोंड होडीतल्या माणसाकडं असे.

"ते दिव्यांच्या खाली, पाण्याच्या कडेला काळं काळं काय आहे?"

"काय न्हाई. दगडं."

सोपानराव काळ्या फडक्यात शिरले, बाहेर आले, डब्यात फोटो उमटायची काच बसवली. नवसूनं कंदिलाची वात बारीक करून पायाशी ठेवायची, खाली वाकून बसायचं आणि शंभर अंक होईपर्यंत हलायचं नाही, असं ठरलं. त्यांनी भिंगावरचं टोपण काढलं आणि मोजायला सुरुवात केली.

अकराव्या अंकाला ते थबकले. "दगडांना दिवा लागला वाटतं."

नवसूनं मान वळवली. काठाशी, नेमका खोपीच्या दारात, एक पिवळा ठिपका होता. नवसू सरळ उठून बसला, थोडा डावीकडं सरकला आणि डब्याच्या आणि दिव्याच्या मध्ये आला.

"अरे, वाक. फोटोत येतोयस."

"पाठ धरलीया, साहेब."

"काच उघडी आहे. निदान हलू तरी नकोस आता."

नवसू हलला नाही. डब्याच्या भिंगावर डोळे रोखून तो उरलेले अंक संपेस्तोवर भिंतीसारखा बसून राहिला. सोपानराव मोजत होते, पण त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडं जात होती. शंभर झाल्यावर नवसूनं त्यांना काठाला सोडलं.

"लावू नगं म्हनलं व्हतं ना?" खोपीत शिरताच तो बायकोवर उखडला.

"लय येळ झाला," सावित्राबाई म्हणाली. "दिव्याबिगर तुमाला काठ कसा गावंल? जीव ऱ्हाईना माजा."

नवसूनं फुंकर मारून दिवा विझवला. पुढचे दिवस त्यानं पहारेकऱ्याची वाट बघण्यात काढले. पाचोळा वाजला तरी तो विळा हातात घेऊन बाहेर येई.

बाराव्या दिवशी सोपानराव आले. दगडांतून वाट काढत, सरळ खोपीच्या दारात. त्यांनी पिशवीतून कागदाचा लखोटा काढला, तेव्हा ती नोटीसच असणार याची नवसूला खात्री होती.

निघाला फोटो. होडी हलत राहिल्यानं लोणावळ्याच्या दिव्यांच्या नुसत्या रेघा झाल्या होत्या. मधोमध नवसू मात्र स्पष्ट होता, दाढीच्या खुंटांसकट.

"गाव हललं, तू नाही हललास," सोपानराव म्हणाले.

सावित्राबाई पदर तोंडाला लावून बघत राहिली. नवसूची नजर फोटोतल्या स्वतःवर ठरलीच नाही. ती खांद्यामागं गेली. तिथं अंधार होता.

"तिथं एक डाग आला होता," सोपानराव म्हणाले. "काचेवरून खरवडून काढला."

"कसला डाग?"

"कसला का असेना. दगडांना कुठं दिवा लागतो?"

नवसूनं त्या जागेवर अंगठा घासून पाहिला. एकदा, मग पुन्हा एकदा. मग त्यानं फोटो बायकोच्या हातात दिला, कोपऱ्यातलं घोंगडं ओढून सोपानरावांपुढं अंथरलं.

"बसा," तो म्हणाला, आणि आतल्या अंधाराकडं बघत बायकोला म्हणाला, "गाडग्यात ताक हाय का बघ."